केसपेपरवरचे प्रश्न

मावशीच्या उजव्या स्तनातील गाठीच्या बायोप्सीचा अहवाल घेऊन आम्ही दोघी पहिल्यांदा कर्करोगतज्ज्ञांकडे गेलो, त्या दिवशी आत बोलावणे येण्यापूर्वी एका तरुण डॉक्टर मुलीने बाहेरच्या टेबलाशी बसवून तिचा केसपेपर भरून घेतला. वय किती, पहिली पाळी कितव्या वर्षी आली, पाळी कधी थांबली, मुले किती, पहिले मूल झाले तेव्हा वय काय होते, अंगावर किती महिने पाजले, हार्मोनच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या का, घरात कोणाला कर्करोग झाला आहे का. विचारणारीचा आवाज मऊ होता आणि घाईही नव्हती. मावशी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देत होती, पण उत्तरागणिक तिचा आवाज बारीक होत चालला होता. वय अठ्ठावन्न. मूल एकच, तेही चौतिसाव्या वर्षी. दूध फारसे आले नाही, तीन महिन्यांत पाजणे थांबले. पाळी छप्पन्नाव्या वर्षापर्यंत चालू होती. टेबलापासून उठून बाकावर येऊन बसल्यावर तिने माझा हात धरला आणि विचारले, "म्हणजे हे सगळं मीच ओढवून घेतलं का गं?"

त्या क्षणी मला काहीच बोलता आले नाही. तोपर्यंत स्तनाच्या कर्करोगाविषयी मी पुष्कळ वाचले होते. ऑक्टोबर महिन्यात गुलाबी फिती दिसू लागल्या की त्यांच्यासोबत येणारी माहितीपत्रके मी जपून ठेवत असे आणि ओळखीच्या बायकांना पाठवतही असे. त्या पत्रकांतील मुद्दे आणि केसपेपरवरचे प्रश्न यांत फरक नव्हता. फरक पडला तो एवढाच, की आता ते मुद्दे माझ्या मावशीसमोर एकामागून एक उभे राहिले आणि तिला ते आरोपपत्रासारखे ऐकू आले. घरी येऊन मी ती पत्रके पुन्हा काढून पाहिली. त्यांतील बहुतेकांचे मथळे 'स्तनाच्या कर्करोगाची कारणे' असे होते, आणि त्या एका 'कारणे' या शब्दाने किती नुकसान होत असेल याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता. ज्यांना कारणे म्हटले आहे ते खरे तर जोखीम वाढवणारे घटक आहेत. कारण आणि जोखीम यांतील अंतर आजारी माणसाच्या दृष्टीने फार मोठे असते.

ते अंतर समजून घ्यायचे, तर हे प्रश्न मुळात आले कोठून हे पाहायला हवे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने 1713 मध्ये नोंदवले, की मठांत राहणाऱ्या अविवाहित ख्रिस्ती जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो. का, हे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची, कल्पना अजून दोनशे वर्षे दूर होती. पुढे 1926 मध्ये जेनेट लेन-क्लेपन या इंग्लिश महिला डॉक्टरने हा आजार झालेल्या 500 आणि न झालेल्या 500 स्त्रियांची माहिती शेजारी शेजारी मांडून पाहिली. लग्न कोणत्या वयात झाले, मुले किती झाली, किती काळ पाजले, असे प्रश्न तिने दोन्ही गटांना विचारले, आणि आजारी स्त्रियांना मुले कमी झाली होती, लग्न उशिरा झाले होते, पाजण्याचा काळही कमी होता, असे तिला दिसले. त्या तरुण डॉक्टरने मावशीला जे विचारले, ते प्रश्न अशा रीतीने जवळजवळ शंभर वर्षांचे आहेत. ते जन्मले हजार स्त्रियांची तुलना करताना. समूहात काय दिसते ते सांगण्याची ताकद त्यांच्यात आहे. एका विशिष्ट स्त्रीला गाठ का झाली हे सांगण्याची ताकद त्यांच्यात तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी बव्हंशी एकच धागा आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या प्रभावाखाली स्तनातील पेशी दर महिन्याला वाढतात, विभागतात, पुन्हा शांत होतात. विभाजन जितक्या वेळा, तितक्या वेळा जनुकांच्या नकलेत चूक राहून जाण्याची शक्यता. म्हणून बाराव्या वर्षाच्या आत पाळी येणे आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर ती थांबणे यांनी जोखीम थोडी वाढते, कारण पेशींचा हा चढ-उतार अधिक वर्षे चालतो. पूर्ण दिवसांचे गरोदरपण लवकरच्या वयात आले, तर स्तनातील पेशी परिपक्व होतात आणि पुढे सहजी बिघडत नाहीत. पाजण्यानेही संरक्षण मिळते. ते किती, याचा हिशेब 2002 मध्ये 30 देशांतील 47 अभ्यास एकत्र करून मांडला गेला: प्रत्येक बाळंतपणामागे जोखीम सुमारे 7 टक्के कमी होते, आणि पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आणखी 4.3 टक्के.

हा आकडा सापडल्यावर मी कागद घेऊन मावशीपाशी बसले. तीन महिन्यांऐवजी तिने पूर्ण वर्षभर पाजले असते, तर तिची जोखीम सुमारे सव्वातीन टक्क्यांनी उतरली असती, आणि तीही मूळच्या जोखमीच्या सव्वातीन टक्के. म्हणजे तिच्यासारख्या शंभर स्त्रियांपैकी समजा दहाजणींना हा आजार होणार असेल, तर त्या दहाच्या जागी 9.7 झाल्या असत्या. चोवीस वर्षांपूर्वी दूध आले नाही म्हणून जी बाई आज रडत होती, तिच्या आयुष्यात त्या न आलेल्या दुधाचा वाटा एवढासा होता. मावशीने कागद बराच वेळ हातात धरून ठेवला. आकडे तिला कितपत पटले ते मला कळले नाही. पण त्यानंतर तिने पाजण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

सर्वांत वजनदार घटक तर कोणाच्याच हातातले नसतात. पहिला, स्त्री असणे. दुसरा, वय वाढणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांमध्ये लिंग आणि वय सोडले तर दुसरा कोणताही जोखीम घटक सापडत नाही. 2022 या एका वर्षात जगभरात सुमारे 23 लाख स्त्रियांना हा आजार झाल्याचे निदान झाले आणि सुमारे 6 लाख 70 हजार स्त्रिया त्याने दगावल्या. एकूण रुग्णांत अर्धा ते एक टक्का पुरुष असतात. त्यांना हा आजार होऊ शकतो हेच ठाऊक नसल्यामुळे ते छातीवरची गाठ घेऊन महिनोन्महिने हिंडतात. तरुणपणी छातीवर किरणोपचार घ्यावे लागलेल्या स्त्रियांची जोखीमही पुष्कळ वाढते, आणि त्यांची तपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू करावी लागते.

आनुवंशिकतेविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण इथे गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 मध्ये दाखवून दिले, की काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या दिसणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचे मूळ सतराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. ते बीआरसीए-1 जनुक 1994 मध्ये नेमके हाती लागले आणि पाठोपाठ बीआरसीए-2 सापडले. ही जनुके एरवी आपले रक्षणच करतात, नकलेतल्या चुका दुरुस्त करतात. त्यांच्यात जन्मतःच बिघाड असेल, तर ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंत जाते, शिवाय अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. हा बिघाड आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्या आणि वडिलांची आई यांचा इतिहास मावशी-आजीच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा. पन्नाशीच्या आत कोणाला झाला होता का, दोन्ही स्तनांत झाला होता का, घरात अंडाशयाचा कर्करोग किंवा पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला होता का, हे विचारून ठेवावे आणि उत्तर 'हो' असेल तर जनुकीय समुपदेशकाची भेट घ्यावी. मात्र असा वारसा एकूण रुग्णांपैकी पाच ते दहा टक्क्यांतच असतो. बहुतेक रुग्ण स्त्रियांच्या घरात आधी कोणालाही हा आजार झालेला नसतो. "आमच्याकडे कोणालाच नाही" हे वाक्य मी कितीतरी बायकांच्या तोंडून निःश्वासासारखे ऐकले आहे. मावशीही तेच म्हणत असे.

मग हातात काहीच नाही का? आहे, आणि ते मनापासून सांगण्यासारखे आहे. पाळी थांबल्यानंतर अंडाशयांतून येणारे इस्ट्रोजेन जवळजवळ बंद होते, तेव्हा शरीरातील चरबी ते काम अंगावर घेते. चरबीतील अ‍ॅरोमटेज नावाचे विकर (एन्झाइम) इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवते. म्हणून उतारवयातील वाढलेले वजन ही या आजारासाठी खरी जोखीम आहे. नियमित शारीरिक हालचालीने ती कमी होते, अगदी वजनाचा काटा फारसा हलला नाही तरीही; आठवड्याला किमान दीडशे मिनिटे दम लागेल असे चालणे, एवढे पुरेसे सुरुवातीचे माप आहे. मद्याविषयी संदिग्धता उरलेली नाही. रोज साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे जेमतेम एक पेला वाइन, पोटात जात असेल तर जोखीम सात ते दहा टक्क्यांनी वाढते. थोडीशी आरोग्याला चांगली असते, हे या आजाराच्या बाबतीत खरे नाही.

रजोनिवृत्तीनंतर घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. अमेरिकेत 16,608 स्त्रियांवर चाललेला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक) एकत्र देण्याचा मोठा प्रयोग 2002 मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, कारण गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग 26 टक्क्यांनी अधिक दिसू लागला होता. बातम्यांतून हा 26चा आकडा जगभर गेला. त्याच अभ्यासातील दुसरा आकडा मात्र फार थोड्यांपर्यंत पोहोचला: दहा हजार स्त्रियांत वर्षाला जिथे 30 जणींना हा आजार व्हायचा, तिथे तो 38 जणींना झाला. दोन्ही आकडे खरेच आहेत. पहिल्याने घाबरायला होते, दुसऱ्याने निर्णय घेता येतो. ज्या बाईला अंगातून वाफा येऊन रात्र-रात्र झोप लागत नाही, तिने डॉक्टरांशी बोलून, कमीत कमी काळासाठी गोळ्या घ्यायच्या की नाही हे ठरवताना तिला दुसरा आकडा माहीत असायला हवा. आणि समाजाच्या पातळीवर पाहिले तर ते आठ जीवही लहान नसतात. त्या निष्कर्षांनंतर गोळ्यांचा वापर झपाट्याने घटला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत या आजाराचे प्रमाण ठळकपणे खाली आले.

घट्ट ब्रा, डिओडरंट, छातीला लागलेला मार यांनी कर्करोग होत नाही, एवढे एका वाक्यात सांगून पुढे जाते. या अफवांवर खर्च झालेले लक्ष दुसरीकडे हवे आहे.

ते हवे आहे उशिरावर. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पर्शियन राणी अटोसाची हकिकत लिहून ठेवली आहे. तिच्या स्तनावर गाठ आली. ती लहान होती तोवर राणीने लाजेपोटी कोणालाही सांगितले नाही. गाठ फुटून पसरू लागली तेव्हा कुठे तिने वैद्याला बोलावले. ज्या स्त्रीच्या एका शब्दावर साम्राज्य हलत होते, तिला आपल्या शरीराविषयी एक वाक्य उच्चारता आले नाही. आपणही अजून त्या वाक्यापाशीच अडखळतो. 'स्तन' हा शब्द आपण लिहितो, बोलताना 'छाती' म्हणतो, आणि तेही आवाज खाली आणून. दवाखान्यात 'छातीत त्रास आहे' असे सांगून हृदयाच्या तपासणीसाठी पाठवल्या गेलेल्या एका बाईंना मी स्वतः ओळखते.

मावशीला गाठ आंघोळीच्या वेळी लागली होती आणि त्यानंतर तिने सात महिने घरात सांगितले नव्हते. दुखत नव्हते, हे तिचे पहिले कारण. वस्तुतः कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत असते. वेदना म्हणजे आजार, हे समीकरण आपण लहानपणापासून इतके घोटलेले असते, की न दुखणारी गाठ आपल्याला शहाण्यासारखी वागणारी वाटते. दुसरे कारण तिने खूप नंतर सांगितले. स्तन काढून टाकतील, ही भीती. तिला कोणी सांगितले नव्हते, की गाठ लहान असेल तर तेवढीच काढून नंतर किरणोपचार देता येतात, आणि अशा स्त्रिया पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगतात हे वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2002 मध्ये इटली आणि अमेरिकेतील दोन स्वतंत्र अभ्यासांनी सिद्ध केले आहे. ज्या भीतीने ती गप्प राहिली, ती भीती खरी होण्याची शक्यता त्या गप्प राहण्यानेच वाढत होती.

हे लिहिताना मला माझेच बोलणे टोचते. जोखमीचा दोष तिच्या माथ्यावरून उतरवून उशिराचा दोष मी तिच्या माथ्यावर ठेवते आहे का? नाही. कारण त्या सात महिन्यांत, चौथ्या महिन्याच्या सुमारास, तिने एका डॉक्टरांना सहज म्हणून सांगितले होते. त्यांनी न तपासता, "दुखत नाही ना? मग चरबीची असेल" असे म्हणून विषय संपवला. आणि मी? ती उजवा हात वर करताना थबकते, हे मी दोनदा पाहिले होते. विचारले नाही. उशीर हा एकट्या बाईचा नसतो; तो तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांचा मिळून झालेला असतो.

म्हणून काय पाहायचे ते स्पष्ट सांगते. स्तनात किंवा काखेत नवी गाठ, त्वचेला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी जाड झालेली त्वचा, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून आपोआप येणारा रक्तमिश्रित स्राव, स्तनाग्रावर बरा न होणारा चट्टा, एका बाजूच्या आकारात अचानक पडलेला फरक, न ओसरणारी लाली. यांपैकी काहीही दिसले तर दाखवायचे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे धीर देणारे सत्य आहे. पण कोणती गाठ कोणती आहे हे बोटांना कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) किंवा सोनोग्राफी, आणि गरज असल्यास बायोप्सी, असा क्रम असतो. सुईने तपासले की आजार पसरतो, ही भीती मावशीलाही घातली गेली होती. त्या भीतीपायी बायोप्सी लांबवू नये. पहिल्यांदा दाखवल्यापासून निदानापर्यंत साठ दिवसांपेक्षा अधिक काळ जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे.

दर महिन्याला ठरलेल्या पद्धतीने स्वतः तपासणी करावी, असे मीही वर्षानुवर्षे सांगत आले. शांघायमध्ये अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष 2002 मध्ये आला तेव्हा दिसले, की तशी शिकवण दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत मृत्यूंचे प्रमाण सारखेच राहिले. फक्त निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी वाढल्या. हे वाचून मला प्रथम निराशा वाटली. आता मला ते मोकळे करणारे वाटते. महिना चुकला म्हणून अपराधी वाटण्याचे कारण नाही; आपले शरीर एरवी कसे असते याची ओळख असावी आणि बदल दिसताच बोलावे, एवढी अपेक्षा आहे. दुसऱ्याच्या जाणत्या बोटांचे मोल मात्र मुंबईत दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या अभ्यासात दिसून आले: प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने हाताने तपासलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. जिथे मॅमोग्राफीची सोय आहे, तिथे कोणत्या वयापासून आणि किती अंतराने ती करावी यावर तज्ज्ञांची मते थोडीफार वेगळी आहेत. चाळीस ते चौऱ्याहत्तर या वयात दर दोन वर्षांनी, असे अमेरिकेतील तज्ज्ञगटाने 2024 मध्ये सुचवले. तिच्याही मर्यादा आहेत. दाट स्तनांत गाठ लपू शकते, आणि कधी कधी आयुष्यभर त्रास न देणारा आजारही सापडतो व त्यावर उपचार होतात. हे सांगितल्याने बायका तपासणीपासून दूर जातील अशी भीती काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. पूर्ण खरे ऐकलेली बाई अधिक खंबीरपणे दारात उभी राहते.

मावशीची गाठ दुसऱ्या टप्प्यावर सापडली. स्तन राहिला, गाठ गेली. किमोथेरपी झाली, किरणोपचार झाले, आणि आता रोज एक गोळी चालू आहे. तिच्या निदानामुळे माझ्या आईच्या केसपेपरवरच्या एका उत्तरात बदल झाला, कारण सख्ख्या बहिणीला आजार झालेल्या स्त्रीची जोखीम इतरांच्या जवळजवळ दुप्पट धरतात. आईने दोन-तीनदा तारीख पुढे ढकलली. शेवटी मावशीच तिला घेऊन गेली. मी मागे बसले होते.

या वेळी टेबलापाशी कोणी नव्हते, नुसता कागद आणि पेन दिले होते. आईचा चष्मा घरी राहिला होता. मावशीने कागद आपल्याकडे ओढला आणि एकेक प्रश्न नेहमीच्या आवाजात वाचू लागली. पहिली पाळी कितव्या वर्षी, मुले किती, किती महिने पाजले. आई सांगत गेली, ती लिहीत गेली. मग घरातील कोणाला हा आजार झाला आहे का, या ओळीशी ती आली. तिथे तिने आईला काही विचारले नाही. 'बहीण' असे लिहिले, पुढे 'वय 58', आणि पेन खाली ठेवून म्हणाली, "आता पुढचं सांग, गोळ्या कुठल्या चालू आहेत तुला?"